रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (ज्यात लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघतात) ५० एमएमची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स मुंबईत रस्त्यावर फोटो काढायला वापरता येते का, की जास्त रुंद दृश्य टिपणारी ३५च घ्यावी?

नक्की वापरता येते, आणि ५० आधीच हातात असेल तर ३५साठी पैसे घालवू नका. लायका एम३ हा रेंजफाइंडर १९५४ साली आला तेव्हा त्याच्या व्ह्यूफाइंडरमधली, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतली, फोटोची हद्द दाखवणारी सर्वांत रुंद चौकट ५०चीच होती.

रेंजफाइंडरचं खरं सुख म्हणजे चौकटीबाहेरचंही दिसतं. दादरच्या फूलबाजारात डोक्यावर टोपली घेतलेला माणूस चौकटीत शिरण्याआधीच तुम्हाला कळतो. फक्त झेंडूच्या एकसारख्या माळांवर फोकस जुळवू नका. फोकससाठी व्ह्यूफाइंडरच्या मधल्या ठिपक्यातल्या दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या असतात, आणि त्या चुकीच्या फुलावरही जुळल्यासारख्या वाटतात. तराजूची दांडी, खांब, सदऱ्याची कड असं काहीतरी उभं आणि ठळक शोधा.

गर्दीत मात्र दर वेळी फोकस जुळवायला सवड मिळत नाही. तिथे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ आणि अंतर ३ मीटर लावून ठेवा, साधारण २.३ ते ४.२ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. सावलीच्या गल्लीत ४०० आयएसओच्या (प्रकाशाला बऱ्यापैकी संवेदनशील) फिल्मला हे दिवसा सहज जमतं. ३५वर हा पट्टा बराच मोठा असतो, तेवढा एक फायदा मान्य. भुलेश्वरच्या अरुंद गल्ल्यांत मागे सरकायला जागाच नसते, तिथेही ३५ सरस. पण माझं मत विचाराल तर माणसांचे चेहरे ५०वरच.

बहुतेक जुन्या लेन्स ०.७ किंवा १ मीटरपेक्षा जवळ फोकस करत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि लेन्सचं झाकण काढलंय ना, ते बघा. व्ह्यूफाइंडरमध्ये ते कळत नाही.