तिथीने वाढदिवस करताना

यंदा वाढदिवस तिथीने करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पंचांगात तिथी आधीच पाहून ठेव. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ती तारखेपासून सरकते. सकाळी अभ्यंगस्नान, मग अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृपाचार्य, परशुराम या सात चिरंजीवांचं आणि मार्कंडेयाचं स्मरण. तीळ-गूळ घातलेलं दूध पिताना दीर्घायुष्य मागतात. तिथे घाई करू नकोस. माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे: हे आयुष्य आपल्याला कशासाठी हवंय? लगेच मोठं उत्तर सापडायला हवं असं नाही. कुणाचं ऋण राहिलंय, कुणाशी बोलणं तुटलंय, एवढं वहीत लिही. नोकरी-पगाराचे संकल्प त्यात नकोत. संध्याकाळी आईकडून औक्षण करून घे; फोन तोवर बंदच राहू दे.