हॉर्मोनचा रिपोर्ट नॉर्मल असताना मुलाला ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं द्यावीत का?

तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा, दिवस पूर्ण भरूनही जन्मतः १.९ किलोचा, वर्गात सगळ्यात बुटका. रिपोर्ट नॉर्मल, तरी डॉक्टर इंजेक्शनं सुरू करा म्हणतात आणि घरचे म्हणतात, थांबा, वाढेल. वाचून राहवलं नाही. याच "थांबा"पायी माझ्या लेकीची अडीच वर्षं गेली.

ती अडतिसाव्या आठवड्यात झाली, १८५० ग्रॅम, लांबी ४३ सेंटीमीटर. अशी दहातली नऊ बाळं दोन वर्षांची होईपर्यंत उंचीची कसर भरून काढतात. आमची उरलेल्या एकात. चौथ्या वर्षी ९० सेंटीमीटर. तिच्या चपला झिजून टाकाव्या लागायच्या, लहान कधी व्हायच्या नाहीत. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा इतक्या खेटून की तारखा लिहायला जागा उरत नसे, मी त्या बाजूला तिरप्या लिहायचे.

डॉक्टरांनी तेव्हाच सुचवलं होतं. आडवे आले माझे थोरले दीर. घरात त्यांचा शब्द मोठा, माणूसही मायाळू, म्हणून तर उलट बोलता येईना. "अगं, मी स्वतः दहावीनंतर वाढलो. आपल्याकडे सगळे उशिराच वाढतात. धडधाकट पोरीला रोज सुई टोचणार?" त्यात तिची ग्रोथ हॉर्मोनची तपासणी झाली. उपाशीपोटी गोळी, मग थोड्या थोड्या वेळाने रक्त, आणि पोर गोळीने पेंगुळून माझ्या मांडीवर. रिपोर्ट नॉर्मल. भाऊजी म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो!" मी गप्प बसले.

आज त्यांच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे उत्तर आहे. उशिरा वाढणाऱ्या मुलांचं हाडांचं वय (एक्स-रेवरून कळतं ते) मागे असतं, ती वयातही उशिरा येतात, म्हणून त्यांना वाढायला जास्त वर्षं मिळतात. जन्मतः लहान आणि नंतरही बुटकी राहिलेली मुलं वेळेवर, कधी थोडी आधीच वयात येतात. त्यांना ती जादा वर्षं मिळतच नाहीत. घराण्याचं म्हणाल तर नवरा १६८ सेंटीमीटर, मी १५६. बेरजेतून १३ वजा करून (मुलगा असेल तर मिळवून) निम्मे केले की आई-वडिलांवरून मुलीची अपेक्षित उंची निघते, ती १५५.५ येते. लेक त्या रेषेच्या कितीतरी खाली चालली होती. आणि रिपोर्ट नॉर्मल आला यात नवल काहीच नव्हतं. या मुलांत हॉर्मोन बहुधा कमी नसतंच, शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही, म्हणून बाहेरून जास्तीचं द्यावं लागतं. "ते मेलेल्या माणसांच्या ग्रंथीतून काढतात" असंही भाऊजींनी कुठेतरी वाचलं होतं. काढायचे, १९८५ पर्यंत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला आणि ते बंद केलं. आजचं प्रयोगशाळेत तयार होतं, आणि नेमकं अशा मुलांसाठी ते अमेरिकेत २००१ पासून, युरोपात २००३ पासून मान्य आहे.

सुरू केलं तेव्हा ती साडेसहाची होती, १०२ सेंटीमीटर. पहिल्या रात्री दोघींचेही हात थरथरत होते. इंजेक्शनच्या पेनचं बटण पूर्ण दाबलं तरी सुई लगेच काढायची नसते, दहापर्यंत मोजायचं. पहिले काही दिवस मी मोजायचे, तिच्या रडण्यावर आवाज चढवून. महिन्याभरात तीच मोजायला लागली. "आज डावी मांडी" हेही तीच सांगायची. पहिल्या वर्षात ९ सेंटीमीटर वाढली. चपला लहान झाल्या! त्या मी अजून ठेवल्यात. दुसऱ्या वर्षी साडेसहा. नंतर वेग उतरतोच, घाबरू नका. आता बारा पूर्ण, १४१.

माझं मत विचाराल तर द्या, आणि लवकर द्या. लहान वयात सुरू केलेलं जास्त लागू पडतं. रोज रात्री, न चुकता.

पण मी डॉक्टर नाही, आणि हे औषध जादूही नाही. शेवटच्या उंचीत सरासरी सहा-सात सेंटीमीटरची भर पडते, कुणाला जास्त, कुणाला नाममात्र. पहिल्या वर्षात वेग वाढला नाही आणि डॉक्टर बंद करा म्हणाले तर हट्ट धरू नका. जन्मतः लहान असण्यामागे जनुकीय आजार नाही ना, हे आधी विचारा. त्यातल्या ब्लूम सिंड्रोममध्ये हे हॉर्मोन देत नाहीत. रक्तातली साखर आणि आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनचा परिणाम दाखवणारा रक्तातला घटक) तपासत राहावं लागतं. डोकेदुखीबरोबर उलट्या, धूसर दिसणं, लंगडणं किंवा गुडघा दुखणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि उंचीसाठी कोंबून खाऊ घालू नका. या मुलांचं वजन झपाट्याने वाढलं तर पुढे मधुमेहाचा धोका वाढतो.

घरच्यांशी वाद घालण्याआधी एक करा. बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून उंची मोजा आणि मागच्या बारा महिन्यांत किती वाढली ते काढा. या वयात वर्षाला सहा-सात सेंटीमीटर व्हायला हवी. तो आकडा कागदावर लिहून थोरल्यांपुढे ठेवा. मी ठेवला नव्हता, स्वयंपाकघरात जाऊन नुसती रडले होते.