‘नाही’वर खूण करण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल सुरसागरपाशी भेटलीस तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो. कॅनडाचं वर्क परमिट नाकारलं गेलं म्हणजे आता सगळीच दारं बंद, असं तू धरून चालली आहेस. तसं नाही गं. त्या कागदांवरून त्या अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझाही अर्ज एकदा फेटाळला होता. पुढच्या देशाच्या फॉर्मवर मी ते सरळ लिहिलं, नकारपत्राची झेरॉक्स जोडली, आणि व्हिसा मिळाला.

मला घोर लागला आहे तो आता तुझा यूकेचा अर्ज भरणाऱ्या कन्सल्टंटच्या सल्ल्याचा. ‘यूकेच्या फॉर्ममध्ये रिफ्युजल दाखवू नका, त्यांना कुठे कळतंय!’ बेटा, हे मुळीच ऐकू नकोस. तो फॉर्म कुठल्याही देशानं व्हिसा नाकारला होता का, असंच विचारतो. आणि कॅनडासाठी तू अमदाबादला जाऊन बोटांचे ठसे दिलेस ना? कॅनडा, यूके, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आपसात ठसे ताडून पाहतात. लपवलेलं सापडलं, की मग कागद कमी पडल्याचा प्रश्न राहत नाही, फसवणुकीचा होतो. यूकेत त्यापायी 10 वर्षं अर्ज फेटाळले जाऊ शकतात, कॅनडात 5 वर्षांची बंदी आहे, अमेरिकेत तर जन्मभराची लागू शकते. फॉर्म एजंटानं भरला, हे कोणी ऐकून घेत नाही. सही तुझी असते.

आता नकार का आला ते शोधू. पत्रात बहुधा ठरावीक वाक्यं असतात. अधिकाऱ्याचा खरा विचार जीसीएमएस नोट्समध्ये, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संगणकातल्या नोंदींत, सापडतो. त्या पत्रासोबत आल्या नसतील, तर कॅनडाच्या माहिती अधिकाराखाली 5 डॉलर भरून मागवता येतात. या मार्गानं त्या मागवणारा कॅनडाचा नागरिक किंवा कॅनडात राहणारा असावा लागतो, तेव्हा तुझ्या ब्रॅम्प्टनच्या मावसभावाला संमतीपत्र पाठव. माझा अंदाज विचारशील, तर मकरपुऱ्याच्या कंपनीनं अनुभवपत्रात तुझं काम दोन ओळींत उरकलं, तिथेच घोडं अडलं. नवं पत्र सविस्तर घे, पण तारखा, पद, पगार जुन्या अर्जाशी जुळू देत. जुन्यात चूक असेल तर ती कबूल करून खुलासा लिही.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. कन्सल्टंटनं भरलेल्या फॉर्मची प्रिंट आणि नकारपत्र घेऊन ये. तोवर सबमिट करू देऊ नकोस.

तुझा,
काका