“फुटबॉल खेळून पोट भरतंय का कुणाचं?”

कोल्हापुरात समुपदेशन करताना नोव्हेंबर उजाडला, की एक प्रश्न ठरलेला असतो. फुटबॉलचा हंगाम सुरू होतो, शाहू स्टेडियमवर सामने लागतात, पेठापेठांत झेंडे चढतात आणि अकरावी-बारावीतल्या मुलांचे आईवडील भेटीची वेळ मागतात. शब्द थोडेफार वेगळे असतात, काळजी तीच असते. “मॅडम, दिवसभर फुटबॉल. अभ्यासाचं नाव नाही. फुटबॉल खेळून पोट भरतंय का कुणाचं?”

हा प्रश्न मला कधीच फालतू वाटला नाही. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात 16 संघ खेळतात. प्रत्येक संघाचे 11 धरले, तर एका वेळी 176 खेळाडू होतात. त्यातल्या बहुतेकांचं घर नोकरीवर, दुकानावर नाहीतर शेतीवर चालतं. वडिलांना हे दिसत असतं. मुलाला मात्र अनिकेत जाधव दिसतो. कोल्हापूरचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. त्या संघात जागा 21 होत्या. दोघंही खरंच बोलत असतात. बिनसतं ते एवढ्यासाठी, की दोघांच्या मधलं कुणी बोलत नाही.

इथे सांगतेय त्या मुलाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि त्याच्यासारख्या आणखी एकदोघांचं बोलणंही यात मिसळलं आहे. अकरावी कॉमर्स, करवीर तालुक्यातलं गाव, वडील फाउंड्रीत पाळीवर. पहिल्या दोन भेटींत तो जवळजवळ बोललाच नाही. वडील म्हणाले, “ह्याला तुम्हीच काय ते सांगा.” पुढे काय करायचं ठरवलंयस, असं मी विचारलं. “इंडियाकडून खेळायचं,” एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत बसला. वडिलांनी हात जोडल्यासारखे केले.

तिसऱ्या भेटीला तो अर्धा तास उशिरा आला. कारण विचारलं आणि गडी सुटलाच.

“गाडीच न्हवती मॅडम. आणि भाड्याचं तर काय विचारूच नका. 25 जानेवारी 2025 ला 14.95 टक्क्यांनी वाढलंय. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. आमचं गाव टप्प्याच्या जरा पुढं हाय. एक किलोमीटर जास्त, पण पैसे पुढच्या पुऱ्या टप्प्याचे. विद्यार्थ्याच्या पासाला 66.67 टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा आपण भरायचा, ते बरोबर हाय. पण पास गाव ते कॉलेजचा. सीबीएस स्टँडपासून गांधी मैदानाला सरावाला जायचं तर केएमटीची सिटी बस न्हाईतर रिक्षा. जाऊन-येऊन 40 रुपये रोज.”

मी म्हटलं, “मग भाडं कमी करायला हवं का?”

“सगळ्यांचं कमी करा असं न्हाई म्हणत. डिझेल कुठनं आणणार ते? पण संध्याकाळी सातनंतरची एक गाडी वाढवा. बहीण नववीत हाय. तिला पास फुकट, अहिल्याबाई होळकर योजनेचा. पण तिला कबड्डी खेळायची तर शाळा सुटल्यावर थांबता येत न्हाई, गाडी न्हाई म्हणून. फुकटच्या पासाचा मग काय उपयोग?”

हाच मुलगा तासभर गप्प बसायचा. आता त्याच्या तोंडात आकडे होते, कारणं होती, समोरच्याची अडचणही होती. काय शक्य आहे आणि काय नाही, याची त्याला जाण होती. मी वही मिटली. पुढचे चार प्रश्न विचारले, आणि त्या चार प्रश्नांतच खरं काम झालं असं मी आजही मानते.

“शेवटची गाडी चुकली तर काय करतोस?”

“वडापची जीप बघतो, शिटावर पैसे घेणारी. न्हाईच मिळालं तर नाक्यापर्यंत चालायचं, तिथनं कुणाची तरी मोटरसायकल मिळते.”

“गाडी चुकली म्हणजे आपण वाया गेलो, असं वाटतं का?”

“छ्या! गाडी चुकली, आपण कशाला वाया जातोय?”

“आणि इंडियाच्या संघात नाव नाही आलं तर?”

बराच वेळ गेला. मग खाली बघून म्हणाला, “मग काय ऱ्हायलंच न्हाई मॅडम. मग पप्पा बोलतात तेच खरं.”

“बसच्या बाबतीत तुझ्याकडे तीन वाटा आहेत. इथं एकच कशी?”

यावर तो जे बोलला, ते ऐकण्यासाठीच आम्ही लोक या खुर्चीवर बसतो. “बसचं मी रोज बघतोय. ह्याचं कधी बघितलंच न्हाई. नुसतं बोललोय.”

माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून ती मांडली. तिचा गाभा असा, की माणसाला खचवते ती अडचण नव्हे. अडचणीबद्दल त्याने मनाशी धरलेला हट्ट त्याला खचवतो. ‘मला देशाकडून खेळायला आवडेल’ ही इच्छा चांगली, तिच्यामुळे मुलगा पहाटे उठतो. ‘खेळलो नाही तर मी कवडीमोलाचा’ हा हट्ट. तो धरलेला मुलगा पर्यायांकडे बघायलाच घाबरतो, कारण पर्याय बघणं म्हणजे हार मानणं, असं त्याला वाटतं. म्हणून तो गप्प राहतो आणि घरचे त्याला बेफिकीर ठरवतात. माझ्याकडे आलेल्या अशा मुलांत खरोखर बेफिकीर फार थोडी निघाली. बाकीची घाबरलेली होती. अशा मुलाला नवा विचार शिकवत बसावं लागत नाही. रोजच्या एखाद्या गोष्टीत तो शहाणपणाने वागतच असतो. ती गोष्ट शोधायची आणि तोच शहाणपणा इकडे लावायला सांगायचा.

त्याला म्हटलं, एसटीचा टप्पा मांडलास तसेच फुटबॉलचे टप्पे मांड. प्रत्येक टप्प्याला भाडं काय, कुठवरची गाडी आहे आणि कुठे उतरलास तर दुसरी गाडी मिळते, ते लिही. पुढच्या भेटीला त्याने वहीचं दुपानी भरून आणलं. काही ठिकाणी मी भर घातली. खेळणाऱ्या मुलांच्या घरी हे उपयोगी पडेल म्हणून ते सविस्तर देते.

पहिला टप्पा शालेय क्रीडा स्पर्धांचा: तालुका किंवा महापालिका क्षेत्र, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. अकरावीतल्या मुलाकडे इथे फार दिवस नसतात, आणि नेमका हाच टप्पा तालमीकडून, म्हणजे पेठेच्या संघाकडून, खेळणारी मुलं सोडून देतात. पेठेच्या सामन्याला हजारो प्रेक्षक असतात, शालेय सामन्याला पंधरा. पण दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी शासनमान्य स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. गल्लीतल्या बक्षिसाच्या स्पर्धेतली ढाल तिथे चालत नाही. गुणांचा प्रस्ताव शाळा-कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि तिथून मंडळाकडे जातो. क्रीडाशिक्षकांना ऑगस्टमध्येच भेटा. फेब्रुवारीत धावाधाव करणाऱ्यांचे कागद अडकतात.

दुसरा टप्पा नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणाचा. इथे गैरसमज फार आहेत. नुसतं खेळलो म्हणून आरक्षण मिळत नाही. पदाच्या गटाप्रमाणे राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरची ठरावीक कामगिरी लागते, आणि प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. सर्वात जास्त घोटाळा होतो तो नावाचा. गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दुसरं, आधारवर तिसरं. प्रमाणपत्र हातात पडेल त्याच दिवशी नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं वर्ष आणि शिक्का तपासा. चूक त्याच आठवड्यात दुरुस्त होते, चार वर्षांनी होत नाही.

तिसरा टप्पा त्याने स्वतः शोधून आणला, याचं मला फार कौतुक वाटलं: मैदान न सोडता करायची कामं. वयाची 18 वर्षं पूर्ण झाली, की भारतीय फुटबॉल महासंघाचा डी-लायसन्स प्रशिक्षण अभ्यासक्रम करता येतो, त्यापुढे सी, बी, ए अशी चढण आहे. पंच व्हायचं तर जिल्हा संघटनेकडून सुरुवात होते, नियमांची परीक्षा आणि धावण्याची चाचणी द्यावी लागते, आणि सामन्याचं मानधन मिळतं. पदवीनंतर बी.पी.एड. केलं, तर शाळेत क्रीडाशिक्षक होता येतं. फिजिओथेरपीला मात्र विज्ञान शाखा लागते, म्हणजे कॉमर्स घेतल्यावर ती गाडी सुटली. हे त्याने स्वतःच लिहिलं होतं, आणि खाली रेघ मारून: ‘चालेल.’ तो शब्द वाचून मला कळलं, की आता याला माझी फारशी गरज उरली नाही.

चौथा टप्पा पोलीस भरती. बारावी पास, पुरुषांना उंची 165 सेंटिमीटर, छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 जास्त. मैदानी परीक्षा 50 गुणांची: 1600 मीटर धावणे 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. फुटबॉल खेळणारा पोरगा धावण्यात सहसा कमी पडत नाही. तो पडतो गोळाफेकीत, कारण वरचं अंग कमावलेलं नसतं, आणि त्याहून जास्त 100 गुणांच्या लेखी परीक्षेत. आठवड्यातून दोन दिवस जोर आणि गोळ्याचा सराव, रोज एक तास अंकगणित आणि मराठी व्याकरण, एवढं अकरावीपासून चालू ठेवलं तर हंगामाला धक्का लागत नाही.

हा तास आणायचा कुठून? दिवसाचा हिशेब मांडला तेव्हा उत्तर समोरच होतं. कॉलेज साडेबाराला सुटतं, सराव चारला. मधले तीन तास तालमीच्या कट्ट्यावर जायचे. आठवड्याचे पाच दिवस धरले तर 15 तास. वडील म्हणायचे, घरी अभ्यास करत नाही. रात्री आठला दमून घरी आलेला मुलगा अभ्यास करेल ही अपेक्षाच चुकीची होती. जेवून एक ते साडेतीन कॉलेजच्या अभ्यासिकेत बसायचं आणि घरी आल्यावर पुस्तक उघडलं नाही तरी कुणी बोलायचं नाही, असं ठरलं. पालकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणण्याआधी त्याचा चौदा दिवसांचा दिनक्रम अर्ध्या-अर्ध्या तासाने कागदावर लिहून घ्या. झोप धरून लिहा. या वयात आठ तास झोप हवीच, ती कापून अभ्यास वाढवला तर दुखापत आणि नापासी दोन्ही पदरात पडतात.

राहिले ते 40 रुपये. वडील ते रोज सकाळी खिशातून काढून द्यायचे, आणि रोज एक वाक्य सोबत यायचं. मुलाला पैशांपेक्षा ते वाक्य जड व्हायचं. म्हणून तो कधी मागायचाच नाही आणि मित्राकडून उसने घ्यायचा. वडिलांना मी एकच विनंती केली. महिन्याचे सरावाचे दिवस 24, म्हणजे 960 रुपये. ते एक तारखेला एकदम द्या, त्याने वहीत हिशेब लिहावा, आणि महिनाअखेरीपर्यंत तुम्ही विचारायचं नाही.

“एकदम 960? उडवंल की सगळे,” वडील म्हणाले.

“उडवले तर महिनाभर चालत जाईल. बघू या.”

पहिल्या महिन्याच्या वहीत अकरा ठिकाणी एकच नोंद होती: ‘मैदान ते सीबीएस चालत. 20 वाचले.’ 220 रुपये शिल्लक, बाजूला लिहिलेलं: ‘बुटासाठी.’ वडिलांनी पान दोनदा वाचलं आणि मग मला विचारलं, “ते पंचाच्या परीक्षेचं काय म्हणत होता हा?” फुटबॉलबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न होता.

बापलेकांत ठरलं ते असं: बारावीच्या निकालापर्यंत खेळ बंद करायचा विषय काढायचा नाही, परीक्षेआधीचे दोन महिने सराव आठवड्यातून तीनच दिवस, आणि निकालानंतर वही समोर घेऊन पुन्हा बसायचं. अशा करारात तारीख घालायलाच हवी. ‘जरा बघू’ म्हणून सोडलं, की पहिल्या हरलेल्या सामन्याला भांडण पुन्हा पेटतं.

काही गोष्टी दिसल्या, तर मात्र निकालाची वाट बघू नका. गुडघा सुजलेला असताना वेदनाशामक गोळी घेऊन खेळणं. सामना हरल्यावर दोन-तीन दिवस जेवण तोडणं किंवा झोप उडणं. हिशेब न लागणारे पैसे हातात येणं, कारण सामन्यावर पैजा लावणारे अशीच मुलं हेरतात. आणि मैदानावरचा राडा. दोन पेठांच्या ईर्ष्येत प्रेक्षकांतून दगड भिरकावला जातो, चित्रीकरणात चेहरा दिसतो आणि अठरा वर्षांच्या मुलावर गुन्हा नोंदवला जातो. त्याच मुलाला दोन वर्षांनी पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीला सामोरं जायचं असतं. हंगाम सुरू होण्याआधी एकदा शांतपणे बसून हे मुलाला सांगा. आणि त्याच्या संघाचा एक सामना स्टेडियमवर जाऊन त्याच्यासोबत बघा.