टीबीच्या गोळ्यांनी डोळे जातात का, बंद करू का?

हा प्रश्न टीबीचे पेशंट आणि घरचे सारखा विचारतात. नजरेवर परिणाम होऊ शकतो हे खरंय, पण तो मुख्यतः इथॅम्ब्युटॉल या औषधाने आणि थोड्याच लोकांना. मनाने गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत.

एक ताई घरी पिको-फॉलचं काम करायच्या. उपचाराचा चौथा महिना, खोकला गेलेला, वजन भरलेलं, आणि एक गिऱ्हाईक साडी परत घेऊन आलं, हिरव्या साडीला चॉकलेटी फॉल लावलाय म्हणून. ताईंना वाटलं नंबर वाढला, नवा चष्मा केला तरी फरक नाही, मग कोणीतरी सांगितलं गोळ्यांनी होतं, तर घाबरून गोळ्याच सोडल्या, आणि डॉक्टर ओरडतील, कोर्स पहिल्यापासून करायला लावतील म्हणून कोणाला सांगितलंही नाही. माझ्यासमोर बसून खूप रडल्या.

मी म्हटलं ताई, फॉलचा रंग चुकला हे सांगितलंत ते फार बरं केलंत. इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं, बऱ्याचदा आधी लाल-हिरवा रंग नीट कळेनासा होतो, बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना, आणि दुखत काहीच नाही त्यामुळे माणूस थांबून बघतो. तिथेच घात होतो, कारण औषध वेळेत थांबवलं तर बहुतेकांची नजर हळूहळू सुधारते, उशीर झाला तर कायमची अधू राहू शकते. पण नेहमीच्या कोर्समध्ये पहिले 2 महिने चार औषधं आणि पुढचे 4 महिने तीन औषधं एकाच गोळीत असतात, इथॅम्ब्युटॉल दोन्हीत, म्हणजे ती गोळी सोडली की टीबीचा सगळाच उपचार थांबतो आणि आजार उलटू शकतो.

त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर अजिबात ओरडले नाहीत, इथॅम्ब्युटॉल काढून बाकीची औषधं सुटी दिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून रंगीत ठिपक्यांमधले आकडे वाचायला लावले, ताईंना बरेचसे दिसलेच नाहीत. कोर्स पूर्ण झाला, रंग परत यायला मात्र काही महिने गेले, अजूनही मरून आणि चॉकलेटी दोरा त्या मुलीला दाखवूनच घेतात.

लघवी किंवा डोळ्यातलं पाणी नारिंगी झालं तर घाबरू नका, ते रिफाम्पिसिन या टीबीच्याच दुसऱ्या औषधामुळे, त्याने नजर जात नाही. पण इथॅम्ब्युटॉल किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनीचा त्रास किंवा जुनी शुगर असेल तर गोळ्या सुरू होतानाच सांगा आणि डोळे तेव्हाच एकदा तपासून घ्या.