१९६५ च्या युद्धात भारतीय नौदल झोपलं होतं का?

नाही. बांधून ठेवलं होतं, आणि बांधणारे दिल्लीत होते.

हाच प्रश्न आमच्या मालवणच्या घरात दर चतुर्थीला विचारला जायचा, म्हणून लिहितोय. माझे वडील नौदलात स्टोकर, म्हणजे बोटीच्या बॉयलरवर काम करणारे. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन आलेले. भजन आटोपून उसळीच्या वाट्या फिरल्या की मामा मांडी ठोकून सुरू करायचे, "भावजी, द्वारकेर गोळे पडले तेवा तुमची बोट खंय होती?"

"गोदीत."

"गोदीत!" अख्खी भजनी मंडळी हसायची. बाबा उठून मागच्या पडवीत जायचे आणि घासलेलीच समई चिंच लावून पुन्हा घासत बसायचे. नळीच्या आट्यांतला काळा मळ काडीने काढायचे. बाहेरून मामांचा आवाज चढला की काडी थांबायची.

बाबांची बोट म्हणजे विमानवाहू विक्रांत. सप्टेंबर ६५ मध्ये ती मुंबईत दुरुस्तीला होती. पाकिस्तानने ती बुडवल्याची आवई उठवली तेव्हा आजीने दोन दिवस चूल पेटवली नाही. आणि बाबा बॉयलरमध्ये शिरून गंज खरवडत होते!

आता हुकमाचं. पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जायचं नाही, आणि शत्रूने भाग पाडल्याशिवाय आपण होऊन हल्ला करायचा नाही, असं सरकारने नौदलाला बजावलं होतं. नकाशा काढून बघा, द्वारका त्या रेषेच्या वर येते. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौकांनी तिच्यावर तोफा डागल्या. आपली 'तलवार' ही युद्धनौका जवळच ओख्याला होती, पण तीही दुरुस्तीत. नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल सोमण यांना हा हुकूम मान्य नव्हता. पंतप्रधान शास्त्रीजी, संरक्षणमंत्री आपले यशवंतराव. दोघांबद्दल आदर आहे, पण हा निर्णय चुकला असं मी कुणासमोरही म्हणेन. सैन्य लाहोरच्या वेशीवर पाठवायचं आणि आरमाराला रेघ आखून द्यायची, हे कसलं युद्ध?

१९७१ मध्ये ती रेघ पुसली. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांनी इंदिराबाईंना आधीच जाऊन विचारलं होतं, कराचीवर गेलो तर राजकीय अडचण आहे का? बाईंनी आडकाठी केली नाही. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात, वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या. निर्घातने बुडवलेली खैबर ही द्वारकेवर गोळे टाकणाऱ्या सातांतलीच एक. माणसं तीच, समुद्र तोच. विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात, एक बॉयलर तडकलेला असतानाही, आणि बाबा तिच्यावर.

बाबांनी खैबरचं सांगितलं त्या चतुर्थीला मामा म्हणाले, "ता एकाहत्तराचा. मी पासष्टाचा इचारतंय."

हां, दिल्लीची बाजूही होती, हे कबूल. युद्ध पसरू द्यायचं नव्हतं, आणि इंडोनेशियाचा कल पाकिस्तानकडे असल्याने अंदमान-निकोबारची धास्ती होती. पण ही कारणं बाबांना कुणी सांगितली नाहीत.

तुमच्या घरात कुणी त्या काळचा खलाशी असेल तर त्याला हा प्रश्न विचारू नका, हुकूम काय होता ते विचारा. बाबा गेले. मामा नव्वदीला टेकलेत, कान गेलेत पण मोबाईल वाचतात. हे उत्तर त्यांना पाठवतोय.