अकाउंटिंगमध्ये पीएच.डी. करायची आहे. विषय कसा ठरवावा, तयारी कुठून सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की व्यावसायिक परीक्षा झाली आहे, काही वर्षं ऑडिट केलंय, आणि ‘नव्या लीज मानकाची अंमलबजावणी’ हा विषय डोक्यात आहे. तो चालेल का, आणि नोकरी सांभाळून हे जमेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

विषय चालेल, पण या शब्दांत नाही. मानक कसं लावायचं हा ऑडिटरचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर मानकात किंवा फर्मच्या मॅन्युअलमध्ये सापडतं. मानक बदलल्यामुळे कोणाचं वागणं बदललं, हा संशोधनाचा प्रश्न. कंपन्यांनी करारांची मुदत कमी केली का? बँकांनी कर्जाच्या अटी बदलल्या का? गुंतवणूकदारांना आधी न दिसलेलं काही दिसू लागलं का? १९६८ मध्ये रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांनी नफा जाहीर होण्याआधी आणि नंतर शेअरचे भाव कसे हलतात हे तपासलं. तेव्हापासून या विषयातलं बरंचसं संशोधन आकडा आणि माणसांचं वागणं यांच्या नात्यावर चालतं. म्हणून इथे जमा-नावेपेक्षा अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र जास्त लागतं, प्रयोगांवर आधारित संशोधन करायचं असेल तर मानसशास्त्रही. व्यावसायिक परीक्षेतून आलेल्यांना पहिला धक्का इथेच बसतो: मानकं तोंडपाठ असतात, पण रिग्रेशनचा (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजण्याच्या पद्धतीचा) तक्ता वाचता येत नाही.

तुमचाच विषय पुढे नेऊन बघू, कारण विषय कुठे फसतो ते त्यातून नीट दिसतं. आयएफआरएस १६, म्हणजे हेच नवं आंतरराष्ट्रीय लीज मानक, १ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना लागू झालं. आयएएस १७ या जुन्या मानकाखाली ऑपरेटिंग लीज, म्हणजे निव्वळ भाड्याने वापरण्याचे करार, ताळेबंदाबाहेर राहायची. नव्या मानकाने वापराचा हक्क मालमत्ता म्हणून आणि पुढची भाडी देणं म्हणून ताळेबंदात आणली. सवलत फक्त बारा महिन्यांपर्यंतच्या आणि कमी किमतीच्या मालमत्तेच्या करारांना. मग बहुतेकांना सुचणारा प्रस्ताव असा: २०१८ आणि २०१९ चे आकडे घ्या, गुणोत्तरं काढा, दोन सरासरींतला फरक तपासणारी टी-टेस्ट लावा.

यातून हाती काहीच लागत नाही. कर्ज-भांडवल गुणोत्तर वाढणारच, कारण मानकानेच कर्ज वाढवलं. भाड्याच्या खर्चाची जागा घसारा आणि व्याजाने घेतली, म्हणून एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, तोही आपोआप वाढतो. शिवाय ज्या कंपन्यांनी सुधारित पूर्वलक्षी पद्धत निवडली त्यांनी आदल्या वर्षाचे आकडे बदललेच नाहीत, म्हणजे एकाच पानावरचे शेजारचे दोन रकाने वेगवेगळ्या नियमांनी मोजलेले आहेत. तुम्ही नियमाचं गणित मोजलंत, परिणाम नाही.

बरं, वागणं मोजायचं ठरवलं तरी तुलना कोणाशी करणार? आयएफआरएस वापरणाऱ्या सगळ्या कंपन्यांवर नियम एकदमच आला. अमेरिकी कंपन्या तुलनेला घ्याव्यात, तर तिथलं लीज मानक एएससी ८४२ सूचिबद्ध कंपन्यांना १५ डिसेंबर २०१८ नंतर सुरू होणाऱ्या वर्षांपासून लागू झालं, आणि त्यातही ऑपरेटिंग लीजचं देणं ताळेबंदात येतं. म्हणजे तो गटही हातचा गेला. मानक जाहीर झालं जानेवारी २०१६ मध्ये, त्यामुळे ज्यांना करार बदलायचे होते त्यांना तीन वर्षं मिळाली. ‘आधीचा’ काळ खरोखर कुठे संपतो, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. कर्जकरारांत पुष्कळदा असं कलम असतं की सही झाली त्या दिवशीच्या मानकांनीच गुणोत्तरं मोजायची. तिथे मानक बदलून अटीवर काहीच परिणाम होत नाही. आणि आयएएस १७ खालीही रद्द न करता येणाऱ्या ऑपरेटिंग लीजची पुढची किमान भाडी एक वर्षाच्या आत, एक ते पाच वर्षं आणि पाच वर्षांनंतर अशा तीन भागांत वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये द्यावी लागायची. बँकेच्या विश्लेषकाने ती आधीच जमेस धरली असतील, तर ताळेबंदात येऊन नवीन काय कळलं?

माझ्या मते प्रबंध या शेवटच्या प्रश्नात आहे. टिपेत असलेला आकडा आणि ताळेबंदात असलेला आकडा, लोक या दोन्हींना सारखं वागवतात का? ज्या कंपन्यांची लीजची बांधिलकी २०१६ पूर्वी जास्त होती आणि ज्यांची कमी होती, त्यांच्या नव्या कर्जांची तुलना करता येईल. त्यातही एक खड्डा आहे. लीज सगळ्यात जास्त विमान कंपन्या आणि किरकोळ विक्रीच्या साखळ्यांकडे, आणि २०२० मध्ये महामारीने नेमकं त्यांनाच झोपवलं. म्हणजे लागू झाल्यानंतरचं स्वच्छ वर्ष जेमतेम एक. एकाच उद्योगातल्या दोन कंपन्यांची तुलना केली तर काही प्रमाणात मार्ग निघतो, पण नमुना लहान होतो. हा हिशेब प्रवेशाआधी मांडा, तिसऱ्या वर्षी नव्हे.

प्रस्ताव लिहिताना लेखाशास्त्राचे प्राध्यापक विल्यम किनी यांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी सांगितलेली तीन परिच्छेदांची पद्धत वापरा: प्रश्न काय, तो महत्त्वाचा का, आणि उत्तर कसं शोधणार. माझी स्वतःची भर एवढीच की चौथी एक ओळ लिहावी: ‘परिणाम शून्य निघाला तर त्यातून काय शिकायला मिळेल?’ तिला उत्तर नसेल तर विषय बदला. साहित्य समीक्षेची चाळीस पानं आधी लिहून मग प्रश्न शोधणं हा उलटा रस्ता आहे, आणि दुर्दैवाने तोच जास्त वापरला जातो. ‘अमुक मानकाबद्दल लेखापालांची जागरूकता’ छापाच्या प्रश्नावल्यांपासूनही लांब राहा. ओळखीच्या दोनशे लोकांनी भरलेल्या फॉर्मवर क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरं आपसात किती जुळतात याचं माप) ०.७ च्या वर आला म्हणून नमुना प्रातिनिधिक होत नाही. त्या आकड्याचा आणि नमुन्याचा काही संबंधच नाही.

आता डेटा. वेळ सगळ्यात जास्त इथे जातो. विद्यापीठाकडे कोणते डेटाबेस आहेत हे प्रवेशाआधी ग्रंथालयाला विचारा. कॉम्पुस्टॅट (कंपन्यांच्या आर्थिक आकड्यांचा डेटाबेस) किंवा कर्जकरारांचा डेटा वर्गणीशिवाय मिळत नाही आणि ती वर्गणी एका माणसाच्या आवाक्यातली नसते. लीजच्या टिपा बऱ्याचदा हातानेच गोळा कराव्या लागतात. हिशेब करा: ५०० कंपन्या, ६ वर्षं, म्हणजे ३,००० वार्षिक अहवाल. अहवालामागे २० मिनिटं धरली तरी १,००० तास, रोज पाच तास बसलात तर २०० दिवस. म्हणून आधी ३० कंपन्या करून बघा. तेवढ्यात कळतं की निम्म्या टिपांत हवा तो आकडा आहे की नाही, आणि किती मिनिटं खरी लागतात. प्रत्येक आकड्याशेजारी अहवालाचं वर्ष, पान क्रमांक, चलन आणि ‘हजारांत की दशलक्षांत’ हे रकाने ठेवाच. दहा टक्के अहवाल दुसऱ्या माणसाकडून पुन्हा भरून घ्या. जिथे दोघांचे आकडे जुळत नाहीत तिथे सहसा तुमचा नियमच मोघम असतो.

पुढच्या चुका बारीक दिसतात, पण निकाल उलटवतात. कॉम्पुस्टॅटमध्ये जानेवारी ते मे या महिन्यांत संपणारं आर्थिक वर्ष आदल्या वर्षाच्या नावाने नोंदलेलं असतं, म्हणून ३१ मार्च २०२० ला संपणारं वर्ष तिथे २०१९ असतं. हाताने गोळा केलेल्या फाइलीत तुम्ही त्याला २०२० म्हटलंत, तर जोडणी चुकते आणि संगणक तक्रार करत नाही. आज यादीत असलेल्याच कंपन्या घेतल्या तर बुडालेल्या आणि विकल्या गेलेल्या गळतात, आणि कर्जावरच्या अभ्यासात नेमक्या त्याच हव्या असतात. पुढच्या वर्षीच्या अहवालातला तुलनात्मक आकडा सुधारलेला असू शकतो. मूळ घ्यायचा की सुधारलेला, ते एकदाच ठरवा आणि लिहून ठेवा. एक्सेलमध्ये ओळख-क्रमांक उघडले की सुरुवातीची शून्यं जातात, आणि मध्ये ई हे अक्षर असलेला क्रमांक घातांकात बदलतो. ते रकाने मजकूर म्हणूनच आयात करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. सगळी सफाई स्टाटा, आर किंवा पायथनच्या स्क्रिप्टमधून. शेवटची दोन्ही फुकट आहेत.

संख्याशास्त्राचं थोडक्यात: एकच कंपनी सहा वर्षं येते म्हणजे त्या सहा स्वतंत्र नोंदी नव्हेत. स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) कंपनीनुसार क्लस्टर करा, म्हणजे एका कंपनीच्या नोंदी एक गट धरून मोजा, नाहीतर प्रत्येक गुणांकाशेजारी ‘निकाल ठोस आहे’ असं सांगणारे तारे उगवतील. वर्षं सहाच असताना वर्षानुसार क्लस्टर करून मात्र भरवशाचं काही मिळत नाही. नफ्यातली फिरवाफिरव मोजायला जोन्स यांचं १९९१ चं मॉडेल सर्रास वापरतात. झपाट्याने वाढणाऱ्या कंपन्यांना ते विनाकारण संशयित ठरवतं, आणि मॉडेलला न उलगडलेला उरलेला भाग (रेसिड्युअल) दुसऱ्या रिग्रेशनमध्ये टाकला तर गुणांक पक्षपाती येतात. हे परीक्षकाला माहीत असतं.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा गेल्या पाच वर्षांतले लेख बघा. तुमच्या पद्धतीत ते काम करतात का? त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारा: किती वर्षं लागली, कच्चा मसुदा परत यायला किती दिवस लागतात, आणि लेखावर पहिलं नाव कोणाचं लागतं. अमेरिकी धर्तीच्या कार्यक्रमात साधारण पाच वर्षं लागतात. पहिली दोन वर्षं सूक्ष्म अर्थशास्त्र, इकॉनॉमेट्रिक्स (आर्थिक आकड्यांचं संख्याशास्त्र) आणि सेमिनार, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. पूर्णवेळ विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी फीमाफी आणि विद्यावेतन मिळतं. ब्रिटिश धर्तीत तीन ते चार वर्षं, पण प्रस्ताव प्रवेशालाच लागतो. इकॉनॉमेट्रिक्स कच्चं असेल तर पहिला मार्ग धरा.

नोकरी सांभाळून? ब्रिटिश धर्तीत अर्धवेळ नोंदणी मिळते, अमेरिकी धर्तीत जवळजवळ नाहीच. आठवड्याला सलग पंधरा तास काढता येत नसतील तर नोंदणी करू नका. रोजचा एक-एक तास जोडून ते तास होत नाहीत, कारण कोड परत समजून घेण्यातच तो तास जातो. ऑडिटचा हंगाम येतो तेव्हा चार महिने काम बंद पडतं, म्हणून आकडे गोळा करणं हंगामाआधी संपवा आणि हंगामात फक्त वाचन ठेवा. तुम्ही हाताळलेल्या क्लायंटची कागदपत्रं संशोधनात वापरता येतील असं गृहीत धरू नका. गोपनीयतेचं बंधन नोकरी सोडल्यावरही राहतं. फर्मकडून लेखी परवानगी मिळणार असेल तर ती प्रस्तावाआधी घ्या, कारण विद्यापीठाची नीतिसमितीही तोच कागद मागते.